माळावरच्या चिमण्या

(संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात मंडळात केलेले भाषण)



दर वर्षी आजच्या दिवशी बाहेरगावच्या एखाद्या विदुषींना बोलावण्याची आपली पद्धत आहे. यंदा पाहुण्याबाईंना ऐन वेळी येणे जमले नाही, म्हणून चिटणीसबाईंनी मला उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. बोलण्याचा सराव म्हणाल तर तो ओट्यापाशी आणि नळावर. तेव्हा काही चुकले-माकले तर आपण पदरात घ्यावे.

मी बोलणार आहे ते हिवाळ्यात आपल्या गावाबाहेरच्या माळावर येणाऱ्या पाखरांविषयी. विषय ऐकून मघाशीच एक काकू म्हणाल्या, "अगं, पाखरांवर काय बोलायचं? तिळाच्या वड्या कशा कराव्यात ते सांग." वड्यांचे मी शेवटी सांगीन, पण पाखरांचे आज बोलायलाच हवे, आणि ते का, हे बोलण्याच्या ओघात आपल्या ध्यानात येईल.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितले. हमरस्त्यावर हिवाळ्यात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, त्यामुळे तिकडे बाईमाणसाने चालायची सोय नाही. म्हणून शेजारच्या वहिनी आणि मी माळाची वाट धरली. मुलाने कॉलेजात असताना घेतलेली दुर्बीण कपाटावर पडून होती, ती गळ्यात अडकवली. सासूबाई हसून म्हणाल्या, "बघ हो पाखरं, पण दुधाच्या वेळेला घरी ये." त्या दिवसापासून कार्तिकापासून माघापर्यंत आमचा हा नेम सहसा चुकत नाही.

आपण बायका लहानपणापासून पाखरांच्या संगतीतच वाढलो. चिऊकाऊच्या गोष्टीशिवाय आपल्या एकाही लेकराच्या पोटात घास गेला नाही. अंगणात सूप घेऊन बसले की समोर चिमण्या हजर. म्हणून अंगाने लहान आणि रंगाने मातकट असे कोणतेही पाखरू दिसले की आपण त्याला चिमणी म्हणून मोकळ्या होतो. माळावर गेले तर अशा "चिमण्या" ढेकळाढेकळाला दिसतात. पण नीट पाहिले तर त्यांतली घरचिमणी एखादीच असते. बाकीच्या साऱ्या निरनिराळ्या जातींच्या, निरनिराळ्या गावच्या, आणि काही तर निरनिराळ्या देशांच्या!

हे ओळखायला फार शिकावे लागते असे नाही. भगिनींनो, आपल्याइतकी निवडण्याची सवय कोणाला आहे? ताटात ज्वारी पसरली की खडा कुठला, किडका दाणा कुठला, हे आपले बोट आपोआप हुडकते. मालदांडीचा दाणा आणि संकरित दाणा आपण न सांगता वेगळा करतो. हीच नजर माळावर न्यायची. रंग पाहायचा, चोच पाहायची, चाल पाहायची आणि शेपूट पाहायची. मग एकीसारखी दुसरी राहत नाही.

आता थोडी ओळख करून देते.

पहिला मान डोंबारीचा. हे पाखरू आकाराने चिमणीहून किंचित लहान. नराचे डोके राखी आणि पोट काळे कुळकुळीत. मादी मात्र चिमणीच्या मादीसारखी साधी मातकट. नर उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली कोसळतो, आणि जमिनीवर आपटणार असे वाटते तोच पुन्हा वर उसळतो. डोंबाऱ्याच्या कसरतीसारखे हे खेळ पाहून आपल्या जुन्या माणसांनी त्याला नाव दिले. याचे घरटे जमिनीवरच असते. ढेकळाच्या आडोशाला लहानशी वाटीएवढी खळगी, आत मऊ गवत, आणि कडेने बारीक खडे मांडलेले, जशी आपण तुळशीपुढे रांगोळी काढावी!

दुसरा चंडोल. डोक्यावर तुरा असलेला हा गाणारा पक्षी आकाशात एका जागी फडफडत राहून गातो. तिसरी तीरचिमणी. ही चिमणीसारखी उड्या मारीत नाही, तर तुरुतुरु चालते, आणि थांबली की शेपूट वरखाली हलवते. तिच्या मागच्या बोटाची नखी लांब असते, गवतातून चालायला सोयीची. शेपूट हलवण्यात तिचा भाऊबंद म्हणजे धोबी. आपला मोठा पांढऱ्या भुवईचा धोबी इथलाच. पण पिवळा धोबी मात्र हिवाळ्याचा पाहुणा. तो दिवाळीच्या मागेपुढे येतो आणि चरणाऱ्या गाईगुरांच्या पायांत फिरून गवतातून उठणारे किडे टिपतो.

शाळूच्या कडेला पिवळ्याजर्द पोटाच्या चिमण्यांचा थवा बसलेला तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी वेळ अमावस्येला शेतात गेल्यावर पाहिला असेल. भज्जी आणि आंबील पुढे घेऊन बसलेल्या असताना तिकडे कोण निरखून पाहतो? ते भारीट. एकाचे डोके काळे, दुसऱ्याचे तांबूस. काळ्या डोक्याचा भारीट युरोपच्या आग्नेय भागातून आणि इराणकडून येतो. लाल डोक्याचा मध्य आशियातून. पासपोर्ट नाही, तिकीट नाही, आणि दर वर्षी त्याच सुमाराला हजर!

भोरड्या तर सर्वांना ठाऊक आहेत. अंग गुलाबी, डोके-पंख काळे. त्यांचे थवे संध्याकाळी आभाळात असे वळतात की जणू कोणी काळी शाल झटकते आहे. शेतकऱ्याला त्यांचा राग, कारण कणसे भरली की त्या ज्वारीवर उतरतात, आणि मग माळ्यावर चढून गोफण फिरवावी लागते. ते दुःख खोटे नाही. पण नाकतोडे आणि टोळ हे त्यांचे आवडते खाणे आहे, हेही खरे. पुढे पळस-पांगारा फुलला की त्याच भोरड्या फुलांतला रस प्यायला जातात, म्हणून त्यांना पळसमैना असेही म्हणतात.

चिमण्यांहून मोठे पाहुणे म्हणजे भोवत्ये. घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचे. ते गवतावरून अगदी खालून, संथपणे, घिरट्या घालीत जातात. जणू घरात काही हरवले आहे आणि आजीबाई वाकून शोधीत आहेत! त्यांतले काही कझाकस्तानसारख्या दूरदेशीच्या गवताळ मैदानांवरून हजारो किलोमीटर उडत येतात. आमच्या माळावर ते नाकतोडे, उंदीर, सरडे खातात. आणि ऐका, दिवसभर आभाळात फिरणारा हा पक्षी रात्री झाडावर झोपत नाही. सूर्य मावळला की पुष्कळ भोवत्ये एकत्र जमतात आणि उंच गवतात जमिनीवर निजतात. ही गोष्ट तेवढी मनात ठेवा, मला पुन्हा तिच्याकडे यायचे आहे.

पखुर्डीचे सांगितल्याशिवाय मात्र आईच्या जातीला पुढे जाववणार नाही. कबुतराएवढा, मुरमाच्या रंगाचा हा पक्षी सकाळी ऊन वर आले की थव्याने पाण्यावर येतो. पिले लहान असली म्हणजे नर आपल्या पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि ते ओले पोट घेऊन माळावर पिलांकडे उडत जातो. पिले त्या पिसांतून पाणी चोखतात. आपल्याकडे बाप पाणी भरतो का, हे ज्याचे त्याने घरी जाऊन पाहावे!

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

मंडळाने यंदा वर्धापनदिनानिमित्त येत्या आषाढात माळावर पाचशे झाडे लावण्याचा संकल्प सोडला आहे. हेतू फार चांगला आहे. वर्गणी जमली आहे, रोपांचे बोलणे झाले आहे. पण माझी आपल्या सर्वांना हात जोडून विनंती आहे की झाडे जरूर लावू या, ती माळावर मात्र नकोत.

मी झाडांच्या विरुद्ध बोलते आहे असे कृपा करून समजू नका. मी वडाला फेरे घालणारी आणि तुळशीला पाणी घातल्यावाचून चहा न घेणारी बाई आहे. पण तुळस वृंदावनात शोभते, चुलीवर नव्हे. ज्याची जागा त्याला.

माळाला आपण "ओसाड", "पडीक", "उजाड" म्हणतो. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात. इंग्रजी अमलात ज्या जमिनीचा सारा येत नसे ती सरकारदरबारी निकामी ठरे, आणि तोच शब्द आपल्या तोंडी बसला. पण जमीन निकामी कोणाला? आपल्या सोलापूर भागात पाऊस वर्षाला वीस-बावीस इंच, तोही लहरी. माळावर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम. अशा ठिकाणी देवाने मोठे झाड दिले नाही. कुसळी, मारवेल, पवन्या असे गवत दिले. पाऊस पडला की ते उठते, ऊन पडले की वाळते, आणि त्याची मुळे खाली जिवंत राहतात. केसासारख्या त्या बारीक मुळांचे जाळे मुरूम धरून ठेवते आणि पावसाचे पाणी जिरवते. दरसाल वाळून जाते म्हणून ते मेले असे नाही. आपल्या घरातली म्हातारी माणसे दुपारी पडून असतात, म्हणून त्यांचा घराला आधार नाही असे कोणी म्हणते का?

झाडे लावली तर काय होते ते सांगते. गवताला ऊन लागते. दाट सावलीखाली ते मरते. गिरिपुष्प आणि सुबाभूळ अशी लवकर वाढणारी झाडे आपल्याकडे पुष्कळ माळांवर लावली गेली आहेत. त्यांच्या खाली पाहा, गवत राहत नाही. गवत गेले की नाकतोडे गेले, नाकतोडे गेले की भोवत्यांचे जेवण गेले, आणि त्यांची निजायची जागाही गेली. दुसरे असे, की डोंबारी, चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी ही सारी जमिनीवर अंडी घालतात. त्यांचा बचाव एवढाच, की अंडी खड्यांच्या रंगाची असतात आणि चहूकडे मोकळे असल्यामुळे शत्रू लांबून दिसतो. जवळ झाड आले म्हणजे कावळ्याला आणि शिक्र्याला बसायला मचाण मिळाले. तिथून त्याला सगळी घरटी दिसतात. आपल्या बाळंतिणीच्या खोलीसमोर कोणी गच्ची बांधली, तर आपल्याला चालेल का?

हे भय उगाच नाही. आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. तिथल्या माळावर माळढोक हा मोठा पक्षी राहत असे. उभा राहिला तर मीटरभर उंच, वजनाने आपल्या देशातल्या उडणाऱ्या पक्ष्यांत फार भारी. त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झाले. तरीही माळ तुकड्यातुकड्यांनी नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, शिकारही झाली. माळढोक सहसा एकच अंडे घालतो, तोही उघड्यावर. आज साऱ्या देशात माळढोक उरले आहेत ते दीडशेच्या आसपास, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. ज्या जिल्ह्याने त्याला ओळख दिली, तिथे तो आता दिसणे दुर्मीळ झाले आहे. आपल्या आजीने पाहिलेला पक्षी आपली नात चित्रातच पाहणार. डोंबारीच्या आणि भारिटाच्या वाट्याला तेच यावे काय?

2023 साली आपल्या देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल निघाला. त्यात 942 जातींचा विचार आहे. मोकळ्या रानात आणि गवतात राहणाऱ्या पक्ष्यांची संख्या फार घटते आहे, असे त्यात म्हटले आहे. मला त्यात विशेष वाटले ते हे, की तो तीस हजारांहून जास्त पक्षी पाहणाऱ्यांच्या नोंदींवरून तयार केला आहे. हे सगळेच काही शास्त्रज्ञ नव्हते. तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसांनी कोणत्या दिवशी, कुठे, कोणते पाखरू पाहिले, एवढे लिहून ठेवले. त्याची किंमत झाली.

आणि लहानशा चिमणीपासून मोठी कामे झाल्याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. 1908 च्या सुमारास मुंबईत एका मुलाला एक चिमणी मिळाली. ती नेहमीसारखीच होती, पण गळ्यावर पिवळा ठिपका. ही वेगळी कशी, असे त्याच्या मनात आले. तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला गेला. तेच पुढे पक्षिशास्त्रज्ञ डॉक्टर सलीम अली झाले. आपल्या सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली यांनी तर रानावनात आयुष्य घालवून पाखरांची मराठी नावे गोळा केली आणि पक्षिकोश लिहिला. 2025 साली ते गेले. 5 नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. पिवळ्या गळ्याची ती रानचिमणी आपल्या ओढ्याकाठच्या बाभळींवरही दिसते. दाखवीन मी तुम्हाला.

माझी सूचना अशी आहे. पाचशे झाडांचा संकल्प मोडायचा नाही. शाळेच्या कुंपणाला, स्मशानभूमीत, दवाखान्यापुढे, ओढ्याच्या काठाला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जागा पुष्कळ आहे. तिथे कडुनिंब, करंज, चिंच, उंबर, बाभूळ अशी आपली झाडे लावू या. त्यांना पाणी घालणेही जवळ पडेल. माळावर खड्डे काढून लावलेले रोप चैत्रापर्यंत कोण जगवणार, याचाही विचार व्हावा. आणि माळासाठी मंडळाने तीन गोष्टी कराव्या. एक, उन्हाळ्यात गवत पेटवू नये, असे ग्रामपंचायतीला लिहून द्यावे. दोन, गावातला कचरा आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा तिकडे टाकला जातो तो थांबवावा. त्यामुळे मोकाट कुत्री जमतात आणि ती जमिनीवरची घरटी फस्त करतात. तीन, मेंढरांची वाट बंद करू नये. दर हिवाळ्यात मेंढ्या घेऊन येणारे एक म्हातारे बाबा मला म्हणाले, "बाई, गवात हाय तवर आमी हाव, आन आमी हाव तवर गवात." बेताने चरलेला माळ चांगला राहतो. आपल्या दारात दूध घालणाऱ्याच्या म्हशीही त्याच गवतावर उभ्या आहेत, हेही विसरू नका.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी माझे ऐकून मत देऊ नये. माझ्याबरोबर एकदा माळावर यावे आणि मग ठरवावे. येत्या चार रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही मारुतीच्या देवळापासून निघू. येताना भडक पातळ नको. मातकट किंवा हिरवट रंग बरा. कुसळे पदराला चिकटतात, म्हणून जुने लुगडे किंवा पंजाबी पोशाख चालेल. बांगड्या रुमालाने बांधा, नाहीतर पाखरे आधी उडायची. सूर्य पाठीशी ठेवायचा, म्हणजे रंग स्वच्छ दिसतात. पाखराच्या मागे धावायचे नाही. एका जागी बसायचे, पाच मिनिटे बोलायचे नाही. हे शेवटचे आपल्या मंडळाला जड जाईल, पण जमेल! आपण हललो नाही की पाखरू आपल्याला दगड समजते आणि जवळ येते. दुर्बीण एकच आहे, ती पाळीपाळीने घेऊ. दुर्बीण नसली तरी कान आहेतच. तित्तिराची हाक, टिटवीची ओरड, चंडोलाचे गाणे हे डोळे मिटूनही कळते.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर माणसे आपापल्या अंगणातली आणि गावाजवळची पाखरे मोजतात. निदान पंधरा मिनिटे पाहायचे आणि नोंद पाठवायची, एवढेच काम. आपल्या माळाची नोंद त्यात गेली तर हा माळ ओसाड नाही, हे कागदावर येईल. कागदावर आल्याशिवाय आपल्याकडे काही टिकत नाही, हे आपण रेशनकार्डापासून जाणतोच.

यंदा मी वाण म्हणून प्रत्येकीला एक लहान वही आणि पेन्सिल आणली आहे. प्लास्टिकच्या डब्या घरोघर पुष्कळ झाल्या. या वहीत तारीख घाला, जागा घाला आणि जे दिसेल ते लिहा. नाव ठाऊक नसेल तर "पिवळे पोट, काळे डोके, शाळूवर बसले होते" एवढे पुरे. नाव आपण मागून शोधू. पुढच्या संक्रांतीला सगळ्या वह्या एकत्र मांडू आणि आपल्या गावच्या पाखरांची यादी मंडळाच्या दप्तरी ठेवू. एवढे केले तरी मंडळाच्या वर्धापनदिनाचे सार्थक होईल, असे मला वाटते.

आणि हो, काकूंना कबूल केले होते. तिळाच्या वडीला गूळ चिक्कीचा घ्यावा, पाक पाण्यात टाकून गोळी टणक झाली की लगेच तीळ घालावे, आणि गरम असतानाच लाटावे.

झाडांचा ठराव पुढच्या सभेत पुन्हा विचाराला घ्यावा, अशी अध्यक्षीणबाईंना नम्र विनंती करून मी आपली रजा घेते.